पहाटेच्या पाळीतली घंटा

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लग्नाच्या आधीच सांगून टाकलं होतं. नवऱ्याला वाटलं, मुलगी विनोदी आहे. आता तो आल्यागेल्याला सांगतो, "जपून बोला, आमच्याकडे घरातच अलार्म बसवलाय." बोलू दे बापडा. मंडईत भाजीवाली "ताई, आत्ताच गाडीतून उतरलीय" म्हणाली की मी मेथीची जुडी उलटी करून देठ बघते. देठ काळे निघाले तर मला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. ज्याची त्याची खोड.

पण याच खोडीवर मी आयुष्यभर पोट भरलंय. मोठ्या ट्रान्सफॉर्मरची तब्येत तपासायची, हे माझं काम. ट्रान्सफॉर्मर म्हणजे तेलाने भरलेली लोखंडी टाकी, आत कागद गुंडाळलेल्या तांब्याच्या तारांची वेटोळी. ती उघडून बघता येत नाही. म्हणून आम्ही तिचं तेल काढतो आणि त्यात कोणकोणते वायू विरघळलेत ते प्रयोगशाळेत बघतो. आत कुठे ठिणगी पडत असेल, कुठे कागद करपत असेल, तर त्याचा वायू तेलात सापडतोच. मार्केट यार्डातला एक हमाल मला 'रक्त तपासायला येणाऱ्या बाई' म्हणायचा. मला ते आवडलं होतं.

यंत्र खोटं बोलत नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे, पण यंत्राशेजारी उभी असलेली माणसं बोलतात ना! तपासणी आहे म्हणून आधीच तेल गाळून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. तेल गाळलं की वायू निघून जातात आणि आजारी टाकीचा रिपोर्ट असा स्वच्छ येतो की बघत राहावं. नादुरुस्त ट्रान्सफॉर्मरऐवजी शेजारच्या धडधाकट ट्रान्सफॉर्मरचं तेल बाटलीत भरून देणारेही पाहिलेत. त्यामुळे हल्ली मी कुठेही गेले की आधी टाकीकडे बघत नाही, माणसांकडे बघते.

दिवाळीच्या थोडं आधी मला एका शेठजींचा फोन आला. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला त्यांचं कोल्ड स्टोरेज. मिरची, चिंच, गूळ, बेदाणे, काय काय भरलेलं असतं तिथे.

"मॅडम, आमच्या ट्रान्सफॉर्मरला भूत लागलंय," शेठ म्हणाले. "भुताचं नाव मला माहीत आहे. तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या."

"नाव माहीत असेल तर मांत्रिक बोलवा," मी म्हटलं. "मी तेल तपासते."

शेठ हसले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी गेले.

ट्रान्सफॉर्मर आवाराच्या एका कोपऱ्यात, तारेच्या कुंपणात होता. दसऱ्याला त्याला नवा राखाडी रंग दिलेला होता, फाटकावर झेंडूची वाळकी माळ तशीच लोंबत होती. कुंपणाला लागून भिंत, भिंतीची सावली, आणि त्या सावलीत दुपारचे हमाल डोक्याखाली रिकामी पोती घेऊन आडवे झालेले. अहो, बिघडलेला ट्रान्सफॉर्मर फुटला तर उकळतं तेल कुठवर जाईल याचा नेम नसतो. मी शेठना म्हटलं, "आधी या लोकांना इथून उठवा." ते म्हणाले, "उठवतो, पण उद्या परत येतील, सावली दुसरीकडे नाहीच." मी आवाज चढवला तेव्हा कुठे हमाल उठून गोदामाच्या ओट्यावर गेले.

मग शेठनी भूत सांगितलं.

ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर तेलाचा एक आडवा पिंप असतो. टाकीतलं तेल तापून फुगलं की वर पिंपात चढतं, निवलं की खाली उतरतं. या दोघांना जोडणाऱ्या पाइपात एक लहानशी लोखंडी पेटी बसवतात. टाकीत वायू तयार झाला की त्याचे बुडबुडे वर येऊन त्या पेटीत साठतात, आतला तरंगता गोळा खाली बसतो आणि घंटा वाजते. ती घंटा म्हणजे आत काहीतरी जळतंय, अशी धमकीच. दुर्लक्ष करून चालत नाही. नवरात्र संपल्यापासून शेठच्या आवारात ती घंटा अधूनमधून वाजत होती. घंटा वाजली की सगळं बंद करायचं, थंडावा धरून ठेवणारी यंत्रं थांबायची, आणि शेठ चिंचेच्या आणि बेदाण्याच्या काळजीने घामाघूम व्हायचे.

"आणि वाजते कधी?" शेठ खुर्चीत पुढे सरकले. "फक्त याच्या पाळीत. पहाटेच्या. बाकी दोघांच्या पाळीत एकदाही नाही. योगायोग म्हणायचा का हा?"

'हा' म्हणजे पहाटेच्या पाळीचा ऑपरेटर. वर्ध्याकडचा, पस्तिशीतला, हडकुळा माणूस. बायको आणि शाळकरी मुलीला घेऊन विश्रांतवाडीला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि अंधारातच सायकल मारत यार्डात यायचा. बाकीचे दोघे ऑपरेटर इथलेच, आसपासच्या गावांतले. पहाटेची पाळी कोणालाच नको, म्हणून ती बाहेरगावच्याच्या गळ्यात कायमची टाकलेली.

"दिवाळीला गावी जायला रजा मागत होता," शेठ म्हणाले. "दिली नाही. त्यानंतर हे सुरू झालं. त्या पेटीला घंटा तपासायचं एक बटण असतं ना? हा ते दाबतो. पुरावा देतो, या."

त्यांनी मला ऑफिसात नेऊन कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. फटफटायला लागलेलं, ऑपरेटर शिडी लावतो, वर चढतो, पेटीपाशी हात नेतो, काहीतरी करतो, उतरतो. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

"बघितलंत?" शेठ म्हणाले.

बघितलं तर होतं. पण कॅमेऱ्याला आवाज नव्हता. घंटा आधी वाजली आणि मग तो चढला, की तो चढला आणि मग घंटा वाजली, हे त्या चित्रातून कसं कळणार? मी तसं म्हटलं. शेठ माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की जणू मीच शिडी धरून उभी होते.

ऑपरेटरला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, आत येईना. "म्या बटन नाई दाबलं जी मॅडम," तो म्हणाला. "घंटी वाजते, मंग मी चढतो. साचलेली हवा सोडून द्या लागते ना. शेठच मने, का हवा सोडून यंत्रं चालू कर. मी हवा सोडतो."

"हवा साचते म्हणतोय! बघा, बघा," शेठ म्हणाले. "हवा काय याच्या सासऱ्याने पाठवली?"

खरं सांगायचं तर मला त्या माणसाचाही भरवसा वाटला नाही. तो नजरेला नजर देत नव्हता. आम्ही तिघं कुंपणात गेलो तेव्हा शेठनी मला मोठ्या कौतुकाने ट्रान्सफॉर्मरची श्वासनळी दाखवली. पिंपातलं तेल खालीवर झालं की पिंपात हवा आतबाहेर करते. ती हवा एका काचेच्या भांड्यातून जाते, त्यात निळे खडे भरलेले असतात. खडे हवेतला ओलावा शोषून घेतात म्हणजे तेल कोरडं राहतं. ओल्या झालेल्या खड्यांचा रंग गुलाबी होतो. "आमचे खडे बघा, कसे निळेशार!" शेठ म्हणाले. "अख्खा पावसाळा गेला, एकदा गुलाबी नाही. एवढी निगा ठेवतो मी!" मी मान हलवली आणि ऑपरेटरकडे पाहिलं, तर तो जमिनीकडे बघत होता. चोराच्या मनात चांदणं, असं माझ्या मनात आलं. मग मी गपचूप माझं काम केलं, तेल काढलं आणि निघाले.

तेलाचा निकाल आला तो अगदी स्वच्छ. ठिणगीचा वायू नाही, करपल्याचा नाही, काही नाही. माझा पहिला विचार काय असेल? हे तेल गाळलंय! शेठनीच गाळून ठेवलं असणार, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर धड आहे हे दाखवायला. मी वेगळ्या तपासण्या लावल्या, तेलाचा जुनेपणा बघितला, खालच्या गाळाचा नमुना बघितला. नाही, तेल गाळलेलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर आतून निरोगी होता.

मी फोन करून सांगितलं तर शेठना कोण आनंद! "म्हणजे आत काही बिघाड नाही. बरोबर? मग बाहेरचाच हात. बरोबर? मॅडम, एवढंच सही करून द्या. मी आजच पोलिसात देतो. मालाची नासाडी करायचा डाव, दुसऱ्या स्टोरेजवाल्यांकडून पैसे खाल्लेत त्याने. माझी खात्री आहे."

फोन ठेवला आणि मी रिपोर्टाचा कागद पुढे ओढला. माझ्या कागदाने एका माणसाची नोकरी तर जाणारच होती, वर तो कोठडीत बसणार होता. त्यात माझा कागद खरा होता, हा खरा त्रास. आत बिघाड नाही हे मी लिहिणारच, पण त्याच्यापुढे 'म्हणून याने केलं' हे शेठ जोडणार. आणि समजा त्याने केलंच असेल तर? मला छातीठोकपणे 'नाही' म्हणता येत नव्हतं.

जेवताना नवऱ्याने विचारलं, "तुझा नक्की संशय कोणावर आहे?"

"दोघांवर," मी म्हटलं.

"वा! म्हणजे निकाल लागला," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

मी शेठना कळवलं की रिपोर्ट आत्ता मिळणार नाही. घंटा पुन्हा वाजली की यंत्रं बंद करायची आणि मला फोन करायचा. पेटीला कोणी हात लावायचा नाही, ऑपरेटरने नाही आणि शेठनीही नाही. मी येईपर्यंत शिडी कुलुपात, आणि किल्ली माझ्याकडे पाठवून द्यायची. शेठ कुरकुरले. "उगाच वेळकाढूपणा," म्हणाले. पण कबूल झाले.

त्याच दिवशी संध्याकाळी ऑपरेटरचा मला फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "मॅडम, शेठ पोलिसात देतो मनते. माही पोरगी इथंच शाळेत हाय. बापाले पोलिसानं नेलं तं ते कशी जाईन शाळेत?" त्याच्या आवाजात रडू होतं. मी जरा तुटकच बोलले. "तुम्ही काही केलं नसेल तर भिऊ नका. केलं असेल तर आत्ताच सांगा." तो म्हणाला, "बटन नाई दाबलं जी." बटण नाही दाबलं! मी कुठे बटणाचं विचारलं होतं? मी विचारलं होतं, काही केलं का. मला त्या उत्तराचा फार राग आला आणि ते डोक्यातून जाईना.

पुढच्या घंटेला फार वाट बघावी लागली नाही. दिवसा ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि पहाटे अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटत होतं, असे ते दिवस. सकाळी दूध तापवत होते तेवढ्यात फोन आला. मी कसब्यातून स्कूटर काढली. रस्ते अजून मोकळे होते, यार्डाच्या तोंडाशी मात्र भाजीच्या टेम्पोंची ही गर्दी. एका टेम्पोवाल्याशी हुज्जत घालून मी आत शिरले.

शेठ अजून यायचे होते. ऑपरेटर कुंपणाबाहेर हात मागे बांधून उभा होता, कोणी कॅमेऱ्यात बघितलं तर हात दिसावेत म्हणून की काय, कॅमेऱ्याकडे पाठ करून. शिडीचं कुलूप मी उघडलं. सगळं बंद आहे ना, जमिनीला जोडलंय ना, हे स्वतः बघितलं आणि चढले. पेटीच्या काचेतून दिसत होतं, आत तेल खाली गेलेलं आणि वर रिकामी जागा. काहीतरी साठलं होतं खरं. मी ते पिचकारीत ओढून घेतलं, खाली उतरले, कुंपणापासून लांब ओट्यावर गेले आणि काडी ओढून त्यापुढे धरली. बिघाडाचा वायू पेटतो, हा पेटला नाही. वास नाही. ती साधी हवा होती.

मी ओट्यावरच बसले. एक गोष्ट तर झाली. बटण दाबलं तर घंटा वाजते, पण बटण दाबून पेटीत हवा भरत नाही. म्हणजे घंटा खरी होती. माणूस बटणाच्या बाबतीत खरं बोलत होता. मी शेठना फोनवर तसं सांगितलं.

"मग त्याने हवा भरली असेल," शेठ लगेच म्हणाले. "सायकल आहे त्याच्याकडे. पंप असेल."

"अहो, शिडी कुलुपात होती!"

"तुम्ही त्या लोकांना ओळखत नाही," ते म्हणाले आणि येतो म्हणाले.

आता माझं डोकं तापलं. हवा आत आली कुठून? टाकी तेलाने भरलेली. हवा आत ओढली जायची तर टाकीत ओढ हवी, आणि ओढ असायचं कारण काय? ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो ना त्या नळीतून! ऑपरेटरने चहा आणून दिला. चहा हातात घेऊन मी त्या श्वासनळीसमोर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. यंत्रं बंद, तेल निवत होतं. तेल निवलं की ते आक्रसतं, पिंप बाहेरची हवा ओढतो, आणि खड्यांच्या भांड्याखाली जी तेलाची वाटी असते तिच्यातून बुडबुडे जाताना दिसतात. मी बघत राहिले. चहा संपला. एक बुडबुडा नाही.

आणि वर ते खडे. निळेशार. पुण्याच्या पावसाळ्यात माझ्या घरातलं मीठ पाझरतं, बिस्किटं वातड होतात, काडेपेटी ओली होऊन काडी पेटत नाही, आणि यांचे खडे आषाढात निळे, श्रावणात निळे, भाद्रपदात निळे! पहिल्या दिवशी ते मला दाखवले होते, मी मान डोलावली होती. देठ बघणारी मी, इथे कौतुक ऐकून गप्प बसले. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मी खालची वाटी फिरवून काढली. हवा जायचं भोक तिथे असायला हवं होतं. तिथे एक गुळगुळीत टणक गोळा होता, गळकी नळी बुजवायला वापरतात त्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा. वर दसऱ्याचा राखाडी रंग.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

ऑपरेटर माझा रिकामा कप उचलून निघाला.

"खरं बोललात तर मी बघते काय करायचं ते," मी म्हटलं. "खोटं बोललात तर मीच पोलिसात नेते."

"म्या केलं," तो म्हणाला. मग एकदम सगळं बाहेर आलं. पावसाळ्यात खडे आठवड्याभरात गुलाबी व्हायचे. ते तसे व्हायचेच, पण शेठ त्याला हमालांसमोर उभं करून म्हणायचे, "हा बघा याच्या आळसाचा रंग." कोणी गिऱ्हाईक आलं की त्यालाही दाखवायचे. हा बिचारा खडे घरी नेऊन तव्यावर भाजायचा, भाजले की ते परत निळे होतात. त्याच तव्यावर पोळ्या करायच्या म्हणून बायको वैतागली. पाऊस थांबेना आणि खडे गुलाबी व्हायचे थांबेनात. "मंग मले वाटलं, पापडाच्या डब्याले झाकण घट्ट लावलं का पापड नरम नाई पडत. तसंच हे. भोक बुजवलं. खडे निळे रायले. शेठ खूष. मले काय मालूम, जी, का त्यानं घंटी वाजते?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच. "अरे, त्या टाकीचं नाक दाबून धरलंस तू!" मी ओरडले. पावसाळ्यात दिवसरात्र सारखीच, काही झालं नाही. थंडीची चाहूल लागली, दिवसा तेल तापायला लागलं, पहाटे निवायला लागलं आणि टाकी जिवाच्या आकांताने हवा ओढायला लागली. नाक बंद, म्हणून वरच्या झाकणाखालच्या एका जुन्या, सैल पडलेल्या रबरी पट्टीच्या फटीतून ओढायची. ती हवा पेटीत. घंटा पहाटेच, कारण तेल सगळ्यात गार पहाटेच. आणि पहाटेची पाळी याची. असा हा हिशेब. हे तसंच आणखी चाललं असतं तर हवेबरोबर पाणी आत गेलं असतं, आणि मग त्या भिंतीच्या सावलीत झोपणाऱ्यांचं काय झालं असतं ते मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं. तो खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

मी हळूहळू, जपून तो गोळा उकरून काढला. आधी बारीक शिट्टीसारखा आवाज आला, मग हवा आत जात राहिली. वाटीत तेल घालून परत लावली तर बुडबुड, बुडबुड. मला इतकं बरं वाटलं की मी क्षणभर सगळं विसरले.

शेठ आले ते हातात फोन घेऊनच. मी सांगितलं, श्वासनळीचं भोक बुजलं होतं, म्हणून हवा आत शिरत होती, बटणाचा संबंध नाही. कोणी बुजवलं हे मी सांगितलं नाही. मला सांगायचं नव्हतं. पण शेठनी विचारलंच, "बुजवलं कोणी?" आणि मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "म्या बुजवलं जी, शेठ."

शेठच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. "बघा! मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो?"

"तुम्ही सांगत होता तो बटण दाबतो. त्याने बटणाला हात लावलेला नाही. तुम्ही सांगत होता त्याने पैसे खाल्ले. त्याने तव्यावर खडे भाजले!"

"हात त्याचाच ना पण?"

"हात त्याचा," मी म्हटलं. "तो हात तिथपर्यंत कोणी नेला तेही मी रिपोर्टात लिहिते. खडे गुलाबी व्हायलाच हवेत, शेठ. गुलाबी झाले म्हणजे ते काम करतायत. तुम्ही त्याबद्दल माणसाला चारचौघांत उभं करता, मग माणूस भोक बुजवतो. तुमचा विमा आहे ना ट्रान्सफॉर्मरचा? वाचू दे त्यांना."

"तुम्ही माझ्या बाजूने आलात की त्याच्या?" शेठ म्हणाले.

"टाकीच्या," मी म्हटलं.

काय झालं त्यांना कोण जाणे, पण ते निवले. आत दुरुस्ती नाही, टाकी उघडायची नाही, माल वाचला, हे त्यांनी मनात जोखलं असणार. "राहू दे," ते म्हणाले. "सुंठीवाचून खोकला गेला. पोलीसबिलीस काही नाही. तुझी नोकरी आहे तशी आहे. मॅडमचे पाय धर." आणि ऑफिसात निघून गेले.

मी त्याला पाय बिय धरू दिले नाहीत. पण मी खूष होते, लपवत नाही. एका माणसाची कोठडी टळली, नोकरी राहिली, आणि ते मी केलं होतं. मी म्हटलं, "चला, सुटलात. घरी फोन करून सांगा. उद्यापासून नीट काम करा, आणि खडे गुलाबी झाले तर मला बोलवा, मी शेठना बघते."

तो फाटकाला टेकून उभा होता. फोन काढला नाही. "मॅडम, मी दिवाळीनंतर नाई येणार," तो म्हणाला. "चाकणकडं बघतो काईतरी. नाई भेटलं तं गावाले जातो."

मला कळेचना. "अहो, शेठनी ठेवलंय ना तुम्हाला! आता तर सगळं स्पष्ट झालंय."

"झालं जी. तुमी लई केलं." त्याने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. "पन उद्या घंटी वाजन. कायच्याईनंबी वाजन, मशीन हाय. तवा सगळे पयले कोनाकडं पायतीन?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शेठ तसे नाहीत, असं काहीतरी. पण तो शेठबद्दल विचारतच नव्हता, तो माझ्याकडे बघत होता. आणि उद्या पुन्हा घंटा वाजल्याचा फोन आला, तर स्कूटर काढताना माझ्या डोक्यात सगळ्यात आधी कोणाचं तोंड येईल, ते मला माहीत होतं. मी सामान आवरायला लागले.